तारावा ते किरितिमाती: अंतर किती, वेळ किती आणि तीन साइटवर तीन उत्तरं का?

निळाई
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल पण दोन दिवस डोकं खातोय. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशात तारावा (बोनरिकी विमानतळ) आणि किरितिमाती (कॅसिडी विमानतळ) अशी दोन ठिकाणं आहेत. एकाच देशात, पण मधे निव्वळ समुद्र. मला या दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ हवाय. एका साइटवर ३२८० किमी आणि साडेचार तास दिसतं. दुसरीवर तेच टाकलं तर साडेसात हजार किमीच्या वर! तिसरीवर अंतर ३२८० च, पण जायला साडेसहा तास आणि यायला अडीच तास. आणि तिकीट शोधायला गेलं तर थेट विमान दिसतच नाही, फिजीवरून जा म्हणतं. यातलं खरं काय धरायचं? मैत्रीण तारावाला कामानिमित्त आहे, तिला भेटून पुढे किरितिमातीला समुद्रपक्षी बघायला जायचा विचार आहे, म्हणून विचारतेय.

शेंडेफळ
एकाच देशात जायला दुसऱ्या देशातून?? हे भारी आहे. वाचत राहतो.

गणितवेडा
निळाई, अंतराचं मी सांगतो, वेळेचं जाणकार सांगतील.

ही दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताला इतकी चिकटून आहेत की कागदावरसुद्धा हिशोब होतो. बोनरिकी साधारण १.४ अंश उत्तर आणि १७३.१५ अंश पूर्व. कॅसिडी साधारण २ अंश उत्तर आणि १५७.३५ अंश पश्चिम. मधे १८० ची रेषा येते, त्यामुळे सरळ वजाबाकी करायची नाही. पूर्वेकडून १८० पर्यंत ६.८५ अंश आणि तिथून पुढे २२.६५ अंश, मिळून २९.५ अंश. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे जवळपास १११ किमी. गुणाकार करा, ३२८० च्या आसपास येतंय. म्हणजे पहिली साइट बरोबर आहे.

कुठे ३२८० दिसेल, कुठे ३२८४. पृथ्वी नुसता गोल चेंडू धरली की एक, मधे फुगलेली धरली की दुसरं. या फरकाने तुमचं काही अडणार नाही.

सागरी मैलात हवं असेल तर १.८५२ ने भागा, साधारण १७७० होतील. वैमानिक लोक त्याच्यातच बोलतात, कारण एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, नकाशावर मोजायला सोपं.

खारा_वारा
साडेसात हजार वाल्या साइटचं कोडं सुटलं बहुतेक. किरितिमातीला ख्रिसमस आयलंड असंही म्हणतात, कॅप्टन कुक तिथे १७७७ च्या ख्रिसमसच्या सुमारास पोचला म्हणून. पण हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं अजून एक ख्रिसमस आयलंड आहे, जावा बेटाच्या दक्षिणेला. त्याचा विमानतळ कोड एक्ससीएच आणि तुमच्या वाल्याचा सीएक्सआय. साइटने नुसत्या नावावरून ऑस्ट्रेलियावालं उचललं असणार. तारावापासून तिथलं अंतर मी आत्ता काढून बघितलं, साडेसात हजारच्या थोडं वर येतं. बरोब्बर जुळतंय.

अशा आडवळणाच्या विमानतळांसाठी नेहमी तीन अक्षरी कोड टाकून शोधा, नाव टाकून नाही. आणि तिकीट काढताना तर नक्कीच.

निळाई
@खारा_वारा अगदी बरोबर! सीएक्सआय टाकल्यावर दुसरी साइटपण ३२८० वर आली. @गणितवेडा १८० च्या रेषेची वजाबाकी आता कळली, धन्यवाद. राहिलं तिसरीचं साडेसहा आणि अडीच. वारा एवढा असतो का तिकडे, की जाताना साडेसहा आणि येताना अडीच?

मीनल_द
वारा नाही गं, घड्याळ. तारावाचं घड्याळ जागतिक वेळेच्या १२ तास पुढे आणि किरितिमातीचं १४ तास पुढे. एकाच देशात दोन तासांचा फरक. समज सकाळी आठला निघालीस आणि विमान साडेचार तास उडालं, तर उतरताना तारावात साडेबारा वाजलेले पण किरितिमातीत अडीच. साइटने आठ ते अडीच बघून साडेसहा तास छापलं. येताना तेच दोन तास वजा. दोन्हीची सरासरी काढ, साडेचारच येईल.

किरितिमाती हे जगात सगळ्यात आधी नवा दिवस उजाडणाऱ्या ठिकाणांपैकी आहे. आधी तारीखरेषा या देशाच्या मधून जायची, म्हणजे अर्ध्या देशात सोमवार आणि अर्ध्यात रविवार. १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी पूर्वेकडची बेटं पण रेषेच्या अलीकडे घेतली. नकाशात तारीखरेषेला पूर्वेकडे ते मोठं नाक आलंय ना, ते यामुळे.

शेंडेफळ
सरकारी ऑफिसला अर्ध्या देशात सुट्टी आणि अर्ध्यात काम चालू. फोन करायचे दिवसच आठवड्यातून चार उरत असणार.

मीनल_द
@शेंडेफळ हो, बदलण्यामागे हेच मुख्य कारण होतं.

याहून मजेशीर म्हणजे हवाई. होनोलुलूचं घड्याळ जागतिक वेळेच्या १० तास मागे, किरितिमातीचं १४ तास पुढे. फरक बरोब्बर २४ तास! मंगळवारी दुपारी बाराला होनोलुलूहून निघा, तीन तास उडा, उतरलात की दुपारचे तीनच, पण बुधवारचे. घड्याळाला हात लावायचा नाही, फक्त तारीख बदलायची. सामोआ आणि अमेरिकन सामोआचंही तसंच. आपिया ते पागो पागो छोटं विमान अर्ध्या-पाऊण तासात नेतं आणि तुम्ही आदल्या दिवशी उतरता. सामोआने २०११ मधे रेषा ओलांडली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवस त्यांच्या कॅलेंडरात आलाच नाही.

रातकिडा
३० डिसेंबरला वाढदिवस असणाऱ्यांचं त्या वर्षी वयच वाढलं नसेल :)

अक्षांश
वेळेचा ढोबळ हिशोब मी असा करतो: किमीला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास धरा. चढणं, उतरणं, जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालत जाणं सगळं त्या अर्ध्या तासात. ३२८० भागिले ८०० म्हणजे ४.१ तास, अधिक अर्धा, म्हणजे चार तास पस्तीस मिनिटं वगैरे. जेटसाठी हे चालतं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ८०० ऐवजी ५०० घ्या.

रातकिडा
स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान आहे. अंतर २.७ किमी. तुमच्या सूत्राने अर्धा तास लागायला पाहिजे, वेळापत्रकात दोन मिनिटं आहेत आणि वारा साथीला असताना ५३ सेकंदात पण गेलंय. जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट.

अक्षांश
हाहा, मान्य. ५०० किमीच्या खाली हे सूत्र वापरू नका.

ओंडका
मला एक कळत नाही, नकाशावर सरळ रेघ मारली तर विमान तसं जात नाही, वाकडं जातं, मग हे ३२८० सरळ रेघेचं की वाकड्या वाटेचं?

गणितवेडा
@ओंडका, चांगला प्रश्न. भिंतीवरच्या सपाट नकाशावर जी वाकडी दिसते तीच खरी सरळ वाट असते. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधे दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल ते सगळ्यात कमी अंतर. सगळ्या साइट हेच अंतर देतात. विषुववृत्ताजवळ पूर्व-पश्चिम जायचं असेल तर दोरा आणि रेघ जवळजवळ एकच, म्हणून तारावा-किरितिमातीला तो घोळ नाही.

घोळ होतो वर ध्रुवाकडे. दोन आडबाजूचे विमानतळ घ्या: नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन (७८ अंश उत्तर) आणि अलास्काच्या टोकाचं उटकियागविक (७१ अंश उत्तर). रेखांशात १७२ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी. सपाट नकाशावर एक या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. पण दोरा ताणला तर तो ध्रुवाजवळून जातो आणि अंतर येतं ३३८० किमीच्या आसपास! म्हणजे तुमच्या साडेएकोणतीस अंशांपेक्षा फक्त शंभरेक किमी जास्त. मी स्वतः हे पहिल्यांदा काढलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की घरातल्या प्रत्येकाला पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन दाखवलं होतं.

ओंडका
बाप रे. १७२ अंश आणि साडेएकोणतीस अंश सारखेच! आता पृथ्वीगोल शोधतो माळ्यावर.

पाखरू
गणित झालं, आता खरं बोलूया. ताई, ३२८० आणि साडेचार तास हे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि तुमच्या दोघींनाही त्याचा काडीचा उपयोग नाही. विमान कुठून जातं आणि आठवड्यातून किती वेळा जातं हे बघा. या साइट लोकांना फसवतात असं माझं स्पष्ट मत आहे. "फ्लाइट टाइम ४ तास ३० मिनिटं" असं छातीठोकपणे लिहितात आणि त्या मार्गावर विमान जातं की नाही याचा पत्ताच नसतो. मी दूरच्या बेटांवर बऱ्यापैकी फिरलोय, तिथे अंतर किलोमीटरमधे मोजायचं नसतं, पुढचं विमान कधी आहे त्यात मोजायचं असतं. मला एकदा एका छोट्या बेटावर विमानात बिघाड झाला म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत अडकून पडावं लागलं होतं. दुसरं विमान त्या कंपनीकडे नव्हतंच. अंतर जेमतेम तासाभराचं.

गणितवेडा
@पाखरू, फसवतात हे पटत नाही. अंतर विचारलं तर अंतर सांगितलं. प्रवास किती वेळाचा हा प्रश्न वेगळा आहे.

पाखरू
काका, पण विचारणाऱ्याला प्रवासच करायचा असतो ना? साडेचार तास वाचून कोणी त्याच दिवशीचं पुढचं बुकिंग केलं तर?

भटकभवानी
दोघंही भांडू नका, फिजीवरून किती पडतं ते काढूया. तारावा ते नांदी (फिजीचा मुख्य विमानतळ) साधारण २१८० किमी, तीन-सव्वातीन तास. नांदी ते किरितिमाती साधारण ३५३० किमी, पाच तासांच्या आतबाहेर. म्हणजे ५७०० किमी आणि हवेत आठेक तास. ३२८० च्या ऐवजी! दक्षिणेला पार खाली जायचं आणि परत वर यायचं. शिवाय नांदीहून किरितिमातीला जाणारं विमान रोज नसतं, ते पुढे होनोलुलूला जातं आणि आठवड्यातून एखादंच असतं. तारावाचं विमान नेमकं आदल्या दिवशी पोचलं तर ठीक, नाहीतर फिजीत मुक्काम.

निळाई
म्हणजे आठ तास उडायला आठवडा जाऊ शकतो. मग थेट का नाही नेत? एकाच देशातली दोन मोठी ठिकाणं, किरितिमातीची जमीन तर देशाच्या एकूण जमिनीच्या जवळपास निम्मी आहे म्हणतात.

ओंडका
दोन इंजिनच्या विमानाला समुद्रावरून एवढं लांब जायची परवानगी नसते असं ऐकलंय. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून जातात.

जुना_डिस्पॅचर
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, विषय आवडीचा निघाला. मी फ्लाइट डिस्पॅचमधे बरीच वर्षं काम केलं, म्हणजे विमान निघण्याआधी वाट कोणती, इंधन किती, अडचण आली तर उतरायचं कुठे, हे ठरवणारा माणूस.

@ओंडका, ते जुनं झालं. अमेरिकेत १९५३ पासून नियम होता की दोन इंजिनच्या विमानाने एका इंजिनवर उडून साठ मिनिटांत पोचता येईल अशा विमानतळापासून लांब जायचं नाही. तेव्हाची पिस्टन इंजिनं खरंच बंद पडायची. जेट इंजिनं आली, भरवशाची झाली, मग १९८५ मधे १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि दोन इंजिनवाली विमानं अटलांटिक ओलांडायला लागली. पुढे १८०. २०१४ मधे एअरबस ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली, म्हणजे एका इंजिनवर सहा तासांहून जास्त. त्यामुळे आज समुद्र मोठा आहे म्हणून सहसा वाट अडत नाही. पण ही परवानगी विमानाला मिळाली म्हणजे संपलं नाही, कंपनीला तिची देखभाल, तिचे लोक, सगळं त्या दर्जाचं ठेवून वेगळी मिळवावी लागते. छोट्या कंपनीला हे जड जातं.

खरी अडचण दुसरीच आहे. नेहमीच्या विमानाचं इंधन कसं ठरतं? जायचं तेवढं, त्यावर थोडं चुकलंमाकलं म्हणून, त्यावर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालण्याचं. आता अशा बेटावर जाताय की जवळपास पर्यायी विमानतळच नाही. किरितिमातीपासून होनोलुलू २१५० किमी आहे, आसपासच्या बेटांवरच्या धावपट्ट्यांवर जेट उतरवता येत नाही. मग आंतरराष्ट्रीय नियम असं सांगतात की बेटाच्या डोक्यावर पोचल्यावर सुद्धा दोन तास उडता येईल एवढं इंधन टाकीत पाहिजे. धावपट्टीवर पाऊस असेल, एखादं विमान बंद पडलं असेल, तर दोन तासांत परिस्थिती निवळेल हा हिशोब. आणि वाटेत एक बिंदू ठरवतात. तिथे पोचेपर्यंत हवामान बघायचं, शंका असेल तर मागे फिरायचं. तो ओलांडला की मग त्याच बेटावर उतरणं भाग आहे.

हे दोन तासांचं इंधन फुकट येत नाही. शंभर सीटच्या जेटला तासाला दीड-दोन टन लागतं, म्हणजे तीन-चार टन जास्तीचं ओझं. सामान धरून एक प्रवासी शंभर किलोचा पकडलात तर तीस-चाळीस माणसं खाली उतरली. उरलेल्या तिकिटांत विमान परवडलं पाहिजे, तेही आठवड्याला भरतील इतके प्रवासी असले तर. आणि पंख्याच्या छोट्या विमानाची पोचच एवढी नसते. या देशाकडे बरीच वर्षं तशीच विमानं होती.

जुना_डिस्पॅचर
राहिलंच. २०१९ च्या शेवटी एअर किरिबातीने एम्ब्रेअर ई-१९०-ई२ घेतलं. ते घेताना तारावा-किरितिमाती थेट जोडणं हा एक मोठा हेतू होता. लगेच काही महिन्यांत कोविडने सगळ्या सीमा बंद झाल्या. त्यामुळे निळाई, एक काम करा. मैत्रिणीला सांगा की तारावातच कंपनीच्या ऑफिसात जाऊन आत्ताचं वेळापत्रक विचार. असल्या मार्गांचं खरं उत्तर इंटरनेटवर नाही, तिथल्या काउंटरवर मिळतं.

पाखरू
जुना_डिस्पॅचर काका, साष्टांग. हेच मला म्हणायचं होतं पण मला एवढं माहीत नव्हतं.

खारा_वारा
सेंट हेलेना हे याचं उत्तम उदाहरण. दक्षिण अटलांटिकमधलं बेट, नेपोलियनला ठेवलं होतं ते. विमानतळ व्हायच्या आधी केप टाउनहून बोटीने पाच-सहा दिवस लागायचे. २०१६ मधे विमानतळ सुरू करायचा ठरला, धावपट्टी कड्याच्या काठावर, आणि तिथे वारा एकदम दिशा-वेग बदलतो असं लक्षात आलं. पुढे ढकललं. शेवटी १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान गेलं, एम्ब्रेअरच. अंतर साधारण ३६८० किमी. अक्षांशच्या सूत्राने पाच तास. पण जाताना नामिबियात थांबून इंधन भरायचं, म्हणजे बेटावर उतरता आलं नाही तर परत फिरता येईल. सगळ्या सीटपण भरत नव्हते, वजन आवरायला.

पाच दिवसांची बोट आणि सहा तासांचं विमान. तिथल्या लोकांच्या आयुष्यात यामुळे काय फरक पडला असेल, विशेषतः कोणी आजारी पडलं तर, याचा विचार केला की अंतर हा आकडा वाटतच नाही मला.

अक्षांश
माझ्या सूत्रातली अजून एक त्रुटी कोणी सांगितली नाही म्हणून मीच भर घालतो: वारा. मघाशी निळाईने विचारलं तेव्हा उत्तर घड्याळ होतं, पण दुसरीकडे वारा खरंच असतो. चिलीतलं सँटियागो ते ईस्टर आयलंडचं मातावेरी, ३७५० किमी. जाताना पश्चिमेकडे, समोरून वारा, साडेपाच तास. येताना तोच वारा पाठीशी, पावणेपाचच्या आसपास. तिथे ते सत्तावीस ते तेहतीस अंश दक्षिणेला आहेत, वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो. विषुववृत्तावर तो झोत पोचत नाही, त्यामुळे तारावा-किरितिमातीला जाता-येता वेळेत फार फरक पडू नये.

जुना_डिस्पॅचर
बरोबर. तिथे वाऱ्यापेक्षा ढगांचे मनोरे जास्त त्रास देतात. पन्नास हजार फुटांच्या वर जाणारे वादळी ढग. वरून जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात.

शेंडेफळ
मातावेरीची धावपट्टी म्हणे स्पेस शटलसाठी लांब केली होती? खरं का?

अक्षांश
हो, १९८० च्या दशकात. शटलला अडचण आली तर उतरायला जागा म्हणून. शटल कधी उतरलं नाही, पण तीन हजार तीनशे मीटरची धावपट्टी बेटाला मिळाली आणि त्यावर मोठी विमानं यायला लागली.

भटकभवानी
अंतर आणि वेळ यांचं नातं कसं तुटतं ते बघायचं असेल तर होनोलुलू ते गुआमचं बेटाबेटाने जाणारं विमान. थेट गेलं तर सहा हजार किमीच्या वर थोडं आणि आठ तासांच्या आत. पण हे मजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोनपे, चुउक अशा पाच ठिकाणी थांबत जातं, सकाळी निघून चौदा-पंधरा तास. मी त्याने गेलेय. प्रत्येक बेटावर तीसेक मिनिटं थांबतं, काही उतरतात, काही चढतात, क्वाजालेनला लष्करी तळ असल्यामुळे इतरांनी जागेवरच बसायचं आणि फोटो काढायचा नाही. विमानात एक मेकॅनिकपण बरोबर असतो, सुटे भाग घेऊन, कारण मधे बिघडलं तर दुरुस्त करायला कोणीच नाही. शेजारी बसलेल्या आजी आपल्या मुलाकडे निघाल्या होत्या, त्यांना तो चौदा तासांचा प्रवास म्हणजे चैन वाटत होती कारण त्यांच्या लहानपणी महिन्यातून एकदा बोट यायची. मला अख्ख्या प्रवासात खिडकीतून नजर काढवली नाही. निळ्या पाण्यात एक बांगडी दिसते, त्यात धावपट्टी, आणि आपण तिथे उतरतोय.

ओंडका
भटकभवानी, यावर वेगळा धागा काढा ना. सविस्तर.

मीनल_द
+१

खारा_वारा
थोडं विषयांतर. तारावा-किरितिमाती ही रेघ नकाशावर काढली तर एका ठिकाणी हाउलंड बेट लागतं, रेघेच्या शंभर किमीच्या आत दक्षिणेला. अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्ट जिथे पोचू शकली नाही ते हेच. २ जुलै १९३७ ला ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लाएहून निघाले, चार हजार किमीच्या वरचा पल्ला, आणि शोधायचं होतं जेमतेम अडीच किमी लांबीचं सपाट बेट. सूर्य-तारे आणि रेडिओच्या भरवशावर. बेटाजवळ इटास्का नावाची बोट त्यांच्यासाठी थांबली होती, बोटीला तिचा आवाज ऐकू येत होता, तिला बोटीचं बोलणं नीट पोचत नव्हतं. बेट तिला दिसलंच नाही.

आज साडेचार तासांत जाणारा प्रवासी त्या पाण्यावरून झोपेत जाईल. आकडा बघताना हे आठवतं मला.

जुना_डिस्पॅचर
आमच्या हिशोबातलं दोन तासांचं राखीव इंधन किती मोलाचं असतं ते यातून कळतं.

त्याच भागात, मार्गाच्या साधारण पाचशे किमी दक्षिणेला कँटन बेट आहे. ते पण किरिबातीचंच. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर काही वर्षं प्रशांत महासागर ओलांडणारी विमानं तिथे इंधनाला थांबायची. लांब पल्ल्याची जेट आली आणि थांबायची गरज संपली, बेट परत एकटं पडलं. म्हणजे विमान जितकं लांब उडायला लागलं तितकी मधली बेटं लांब गेली.

पाखरू
हे शेवटचं वाक्य पटलं. पूर्वी कँटन जगाच्या वाटेवर होतं, आता नाही. किलोमीटर तेवढेच.

रातकिडा
बाकी सगळं ठीक पण पक्षी कोणते बघायचे तिकडे? त्याच्यासाठीच चाललाय ना.

निळाई
@रातकिडा बोकिकोकिको! किरितिमाती आणि उत्तरेचं तेराइना एवढ्या दोनच बेटांवर राहिलेला छोटासा करडा वटवट्या. आणि समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती, सुरय तर लाखांत. या बेटावर जमिनीवरचा मूळचा गाणारा पक्षी हा एवढाच, म्हणून त्याचं आकर्षण.

मैत्रिणीशी बोलले. ती उद्या काउंटरवर जाऊन थेट विमानाचं विचारणार आहे. ते असेल तर उत्तमच. नसेल तर क्रम असा ठेवायचा असं डोक्यात आहे: आधी तारावा, मग नांदीत दोन-तीन दिवस हाताशी ठेवायचे, मग किरितिमाती, आणि परत नांदीला न येता तसंच होनोलुलूला निघायचं. म्हणजे एकदाच खाली-वर. बरोबर आहे का?

भटकभवानी
क्रम चांगला आहे. फक्त होनोलुलूला उतरायचं म्हणजे अमेरिकेचा व्हिसा लागेल, ते आधी बघ. आणि किरितिमातीत एक आठवडा राहायचंच आहे असं धरून चाल, कारण पुढचं विमान तेव्हाच.

मीनल_द
आणि होनोलुलूला जाताना तारीख एक दिवस मागे जाईल, तिथलं हॉटेल त्या हिशोबाने बुक कर. किरितिमातीहून बुधवारी निघालीस तर होनोलुलूत मंगळवारची रात्र लागेल, बुधवारची नाही. यात भलेभले चुकतात.

जुना_डिस्पॅचर
किरितिमातीनंतरचं महत्त्वाचं बुकिंग त्याच दिवशीचं ठेवू नका, आणि होनोलुलूपर्यंतची सगळी तिकिटं शक्य असेल तर एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) काढा. विमान मघाशी सांगितलेल्या वाटेतल्या बिंदूवरून मागे फिरलं तर पुढचं बदलून द्यायची जबाबदारी मग त्यांची राहते. वेगवेगळी काढलीत तर तुमची.

निळाई
लिहून घेतलं. एकाच पीएनआरवर नांदी-किरितिमाती-होनोलुलू मिळतंय, तारावा-नांदी वेगळं दाखवतंय. मैत्रीण काउंटरवरून आली की इथेच कळवते.